ऊसतोडीचा एक हंगाम आणि रेझिन सिमेंट: वापरानंतरचा अनुभव

आमच्या अंबाजोगाईकडं दातावर कॅप बसवायचं सिमेंट म्हणजे जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट). पावडर, लिक्विड, कागदाचं पॅड, प्लास्टिकचा स्पॅच्युला. असिस्टंट झोपेतही कालवून देईल. सेल्फ-अ‍ॅडहेसिव्ह रेझिन सिमेंट, म्हणजे स्वतःच दाताला चिकटणारं प्लास्टिकसारखं सिमेंट, नियमित वापरायला घेतलं ते गेल्या दसऱ्याच्या आधी. ऊसतोडीला निघणारे पेशंट तेव्हाच घाईनं येतात. एकदा कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेला माणूस उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाही, आणि फडात कॅप निघाली तर डॉक्टर कुठला? कंपनीचं नाव लिहीत नाही. या जातीच्या सिमेंटची तऱ्हा थोड्याफार फरकानं सारखीच.

जिथं पैसे वसूल झाले ती जागा म्हणजे बुटकी दाढ. खुंटाची, म्हणजे कॅपसाठी घासून उरलेल्या दाताची, उंची जेमतेम तीन मिलिमीटर असली की जीआयसीवरची कॅप रुमालात बांधून परत यायची. "डॉक्टर, टोपी सारखी निघायली." त्याच प्रकारच्या दाढांवर रेझिननं बसवलेल्या कॅप हंगाम काढून, ज्वारीची भाकरी आणि सुपारी चावून जागच्या जागी आल्या. पण खुंट उंच आणि भिंती जवळपास समांतर असतील तर मला दोन्हींत फरक दिसला नाही. तिथं जीआयसीच वापरतो. दाताच्या कॅल्शियमला ते स्वतःच धरतं, फ्लोराइड सोडतं, थोडी ओल सहन करतं आणि किमतीत कितीतरी स्वस्त पडतं. १९७२ साली विल्सन आणि केंट यांनी मांडलेलं हे सिमेंट अजून मोडीत निघालेलं नाही, ते उगाच नाही.

झिरकोनियाच्या (पांढऱ्या सिरॅमिकच्या) कॅपला रेझिन लावताना एक पथ्य आहे, आणि लॅबवाले ते सांगत नाहीत. झिरकोनियात सिलिका नसते, त्यामुळं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडनं आतली बाजू खरखरीत होत नाही. तिथं ५० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिनाचं हलकं सँडब्लास्टिंग (हवेच्या जोरानं बारीक कणांचा मारा) लागतं आणि एमडीपी हे झिरकोनियाला धरणारं रसायन असलेलं प्रायमर (सिमेंटआधी लावायचा पातळ थर) किंवा सिमेंट. कॅप तोंडात घालून बघितली की लाळेतलं फॉस्फेट आत चिकटतं. ते धुवायला फॉस्फोरिक अ‍ॅसिड वापरलं तर आगीत तेल. एमडीपीनं धरायच्या जागा ते अ‍ॅसिडच अडवून बसतं. क्लीनिंग पेस्ट घ्यावी किंवा पुन्हा ब्लास्ट करावं.

माहितीपत्रकावर चिकटण्याच्या ताकदीचे, मेगापास्कलमधले आकडे मोठे छापलेले असतात. हे आकडे कुठून येतात? काढलेल्या दातावर सिमेंट चिकटवतात, ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवतात, मग ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून ५०० वेळा बुडवतात आणि शेवटी ओढून तोडतात. पद्धत चांगलीच आहे, पण दात निवडलेले असतात. आमच्याकडं काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर जातं आणि तिथल्या माणसांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. अशा दाताच्या एनॅमलचा (बाहेरच्या कडक आवरणाचा) वरचा थर सिमेंटमधल्या अ‍ॅसिडला दाद देत नाही.

म्हणून हिरडीच्या आजारानं काढलेल्या अशा दाढांवर मी स्वतः बघितलं. एनॅमलवर सिमेंटचा छोटा ठिपका ठेवला, सिमेंट घट्ट करणारा लाइट मारला, दुसऱ्या दिवशी प्रोबच्या टोकानं ढकलला. नुसत्या सिमेंटचा ठिपका टुणकन उडाला आणि खाली एनॅमल चकचकीत, जणू काही लावलंच नव्हतं. ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड नेहमीच्या १५ सेकंदांऐवजी दुप्पट वेळ ठेवून लावलेला ठिपका मात्र तिथंच तुटला, निम्मा दातावर राहिला. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. तरी तेव्हापासून कडेला एनॅमल असेल तर फक्त तिथं अ‍ॅसिड लावतो, आतल्या डेंटिनच्या थरावर नाही. व्हिनिअरला (समोरच्या दातावर चिकटवायच्या पातळ पापुद्र्याला) तर हे सिमेंट हातात धरत नाही.

सगळ्यात वैताग कडेनं बाहेर आलेल्या सिमेंटचा. दोन-तीन सेकंद लाइट दिला की ते जेलीसारखं होतं, तेव्हाच सोलायचं. जरा उशीर झाला की दगड. दोन दाढांच्या मध्ये राहिलं तर हिरडी सुजून पेशंट परत येतो, म्हणून फ्लॉसला गाठ मारून ती मधून ओढून घेतो. जीआयसी याबाबतीत सोपं, टक करून तुकडा निघतो.

आणखी एक: दुखऱ्या दातावर लवंगेचं तेल लावून आलेल्याला त्या दिवशी रेझिननं कॅप बसवत नाही. त्यातलं युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. टेम्पररी सिमेंटही म्हणूनच युजेनॉलविना घ्यावं.

उन्हाळ्यात तर याचं वेगळंच. वीज गेली, एसी बंद, आणि कॅप पूर्ण बसायच्या आतच सिमेंट आवळायला लागतं. कॅप उंच राहते आणि मग चावा घासत बसा. सिरिंज फ्रीजमध्ये ठेवतो, वापरायच्या थोडी आधी बाहेर काढतो. माल मात्र पुण्याहून येतो, आणि मे महिन्यात दिवसा तापलेल्या डिकीतून आलेल्या सिरिंजवर माझा भरवसा नाही. म्हणून एकतर थंडीत ऑर्डर देतो किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मागवतो. खोकं हाताला गरम लागलं तर परत पाठवतो. डीलर कुरकुरतो, पण बदलून देतो.