करतरतुदीची सल्लासेवा: हिशेब चोख, निष्कर्ष मात्र अडखळणारा

प्राप्तिकराची तरतूद, डिफर्ड टॅक्स (पुढील वर्षांत भरावा लागणारा किंवा वाचणारा कर) आणि अनिश्चित करदावे (करखाते मान्य करील की नाही याची खात्री नसलेले दावे) यांचे लेखांकन करून देणाऱ्या पुण्यातील एका सल्लागार संस्थेची सेवा आमची कंपनी 2019-20 या आर्थिक वर्षापासून घेत आहे. आम्ही वाहनांचे सुटे भाग बनवतो आणि कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध असल्यामुळे आम्हाला ‘इंड एएस 12’ हे प्राप्तिकराच्या लेखांकनाचे मानक लागू होते. अनिश्चित करदाव्यांविषयीचे त्याचे परिशिष्ट ‘सी’ 1 एप्रिल 2019पासून अंमलात आले आणि तेव्हापासून हे काम केवळ आकडेमोडीचे राहिले नाही.

आकडेमोडीत या संस्थेला नाव ठेवायला जागा नाही. सप्टेंबर 2019च्या अध्यादेशाने प्राप्तिकर कायद्यात कलम 115बीएएचा, म्हणजे ठरावीक सवलती सोडून कमी दराने कर भरण्याचा, पर्याय आला तेव्हा अधिभार व उपकर धरून 34.944 टक्के असलेला आमचा दर 25.168 टक्क्यांवर येणार होता. परंतु त्यासाठी शिल्लक मॅट क्रेडिटवर (किमान पर्यायी कर म्हणून आधी जादा भरलेल्या, पुढील करातून वळत्या होणाऱ्या रकमेवर) पाणी सोडावे लागणार होते आणि ताळेबंदातील डिफर्ड टॅक्स नव्या दराने पुन्हा मोजावा लागणार होता. हे दोन्ही परिणाम एकाच तक्त्यात, वर्षवार, संचालकांनाही वाचता येईल अशा रीतीने मांडलेले मिळाले. न दिलेला बोनस पुढे प्रत्यक्ष दिल्यावर वजावटीस पात्र ठरतो, म्हणून त्यावर डिफर्ड टॅक्स मालमत्ता, म्हणजे पुढे वाचणाऱ्या कराची नोंद, उभी राहते. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी मुदतीनंतर भरला तर, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2022मधील निर्णयानुसार, ती वजावट कायमचीच जाते. अनेक कंपन्यांच्या तक्त्यांत एकाच ओळीत आढळणाऱ्या या दोन रकमा येथे पहिल्यापासून वेगळ्या होत्या.

सेवेची खरी परीक्षा झाली ती शिक्षण उपकराच्या दाव्यात. मुंबई उच्च न्यायालयाने 2020मध्ये सेसा गोवाच्या प्रकरणात हा उपकर व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करता येतो असे ठरवले, आणि महाराष्ट्र व गोव्यातील कंपन्यांना मागील वर्षांच्या परताव्याची आशा वाटू लागली. निर्णय आपल्याच उच्च न्यायालयाचा असल्यामुळे संपूर्ण लाभ नफ्यात घ्यावा, असा आमच्या व्यवस्थापनाचा आग्रह होता. सल्लागारांनी दावा विवरणपत्रात करू दिला, परंतु पुस्तकात तितक्याच रकमेची करदेयता ठेवायला लावली. सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अजून यायचा होता, आणि 2021मध्ये कोलकात्याच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने उलट निर्णयही दिला. पुढे वित्त अधिनियम 2022ने वजावट पूर्वलक्षी प्रभावाने, थेट 2005-06च्या करनिर्धारण वर्षापासून, नाकारली. या अधिनियमाला 30 मार्च 2022 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणजे ताळेबंदाच्या तारखेच्या आदल्या दिवशी, त्यामुळे परिणाम त्याच वर्षात धरावा लागला. ज्यांनी लाभ आधीच नफ्यात घेतला होता त्यांना तो उलटवावा लागला; आमच्या नफा-तोटा पत्रकावर ओरखडाही उमटला नाही.

याच शिस्तीने त्यांनी आमच्याकडील एक जुना युक्तिवादही मोडून काढला. ‘हा मुद्दा आजवर कोणी काढला नाही’ हे कारण, प्रत्येक दाव्यावर सल्लागार जे लेखी मत देतात त्या टिपणात घालावे, असे आम्ही सुचवले होते. परंतु करअधिकारी तपासणी करणारच आणि सर्व माहिती त्याच्यापुढे असेल, असे परिशिष्ट ‘सी’ गृहीत धरायला सांगते; झाकली मूठ सव्वा लाखाची हा व्यवहार तेथे चालत नाही. सल्लागारांनी ते वाक्य शांतपणे खोडले.

तक्रार आहे ती टिपणांच्या शेवटाविषयी. आमचा दावा अधिकाऱ्याने मान्य करण्याची शक्यता न मान्य करण्यापेक्षा जास्त आहे का, हा एकच प्रश्न आधी निकाली काढायचा असतो. ती जास्त नसेल तर, निकाल दोनच टोकांचा असेल तेथे सर्वाधिक संभाव्य रक्कम धरायची आणि हस्तांतरण मूल्यासारख्या (समूहातील कंपन्यांच्या आपसातील व्यवहारांच्या किमतीसारख्या), निकाल कुठेही थांबू शकणाऱ्या वादात संभाव्यतेने गुणलेली सरासरी. पानेच्या पाने न्यायनिर्णय मांडून झाल्यावर ही संस्था ‘व्यवस्थापनाने आपल्या विवेकानुसार ठरवावे’ असे लिहून मोकळी होते. लेखापरीक्षण समितीने लेखी विचारल्यावरच स्पष्ट उत्तर आले. ते उत्तम होते, म्हणूनच ते पहिल्या मसुद्यात का नव्हते हे उमगत नाही. प्रत्येक टिपणासाठी स्वतंत्र शुल्क घेणाऱ्याने एवढी जबाबदारी तरी उचलायला हवी.

‘एएस 22’नुसार (‘इंड एएस’ लागू नसलेल्या कंपन्यांच्या करविषयक लेखामानकानुसार) पुस्तके ठेवणाऱ्या छोट्या खासगी कंपनीला एवढ्या खर्चिक सेवेची गरज नाही, तिचे नेहमीचे सनदी लेखापाल ते काम करू शकतात. अपिलात दावे अडकलेल्या सूचिबद्ध कंपनीने मात्र ही सेवा जरूर घ्यावी, आणि करारपत्रातच प्रत्येक टिपणात स्पष्ट निष्कर्ष व दर तिमाहीला फेरविचार या दोन अटी घालून घ्याव्यात. आम्ही यंदाचे नूतनीकरण याच अटींवर केले आहे.