२० इंची सायकलला जाड पट्ट्याचे टायर, ९ महिन्यांनंतर

फोल्डिंग सायकल, २० इंची चाकं, मागे हब गिअर (चाकाच्या मधल्या तुंब्यातच बसवलेले गिअर), ऑफिसला जाऊन येऊन रोज १४ किमी. सायकलसोबत जे टायर आले होते त्यांच्यावर सहा महिन्यांत सात पंक्चर झाली. सातवं झालं तेव्हा पाऊस, अंधार आणि नेमकं मागचं चाक, म्हणजे आधी गिअरची केबल सोडवा, मग दोन्ही नट, मग चेन उतरवा, हात कोपरापर्यंत काळे. त्या रात्री ठरवलं की पंक्चर अडवायला रबराखाली पट्टा असतो तसला, बाजारात जो सगळ्यात जाड टायर असेल तो घालायचा, बास. आता ९ महिने झालेत, साधारण २६०० किमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला जे खटकलं ते या जातीच्या सगळ्याच टायरना कमीजास्त लागू आहे.

सगळ्यात आधी साइज, कारण मी तिथेच माती खाल्ली. नुसतं "२० इंची" बघून टायर मागवू नका. २० इंच म्हणून दोन वेगळ्याच रिम मिळतात, ४०६ आणि ४५१, आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही म्हणजे नाहीच. मी घाईत ४५१ चा मागवला, तो ४०६ च्या रिमवर सैल बांगडीसारखा फिरत होता. जुन्या टायरच्या बाजूला बारीक अक्षरात दोन आकडे असतात, माझ्याकडे ४०-४०६ होतं, पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये आणि दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. १६ इंचीवाल्यांचं पण हेच, तिथे ३०५ आणि ३४९ असे दोन आहेत, ब्रॉम्प्टन या फोल्डिंग सायकलची चाकं ३४९ ची.

दुसरी गोष्ट मी टायर घेतल्यावर केली, खरंतर आधी करायला हवी होती. जुन्या सातही ट्यूब आळसापोटी कोपऱ्यात पडल्या होत्या त्या एकदा पाण्यात बुडवून नीट बघितल्या. चार ट्यूबना बाहेरच्या अंगाला एकच भोक, म्हणजे काच, काटा, खिळा असलं काहीतरी. दोन ट्यूबना शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या, म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटली. आणि एकीला आतल्या बाजूने भोक, कारण रिमटेप (रिमच्या आतली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकली होती आणि स्पोकचं भोक ट्यूबला टोचत होतं. म्हणजे जगातला सगळ्यात जाड टायर असता तरी सातातली तीन पंक्चर झालीच असती! चिमटण्याला पट्टा काही करत नाही. त्यात छोटं चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि काठावर जास्त उभं आदळतं, मोठ्या चाकाला जो खड्डा जाणवत पण नाही तो आपल्याला दात वाजवून सांगतो. त्यामुळे घरी गेज असलेला उभा पंप ठेवा, टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त प्रेशर छापलेलं असतं, दर रविवारी बघायचं. अंगठ्याने दाबून "आहे की हवा" म्हणणारा मी पण होतो.

आता पट्ट्याबद्दल. ढोबळमानाने दोन प्रकार. एकात रबराखाली केवलारसारख्या अरॅमिड धाग्याचं पातळ विणकाम असतं, हे हलकं, काचेच्या कापण्याला चांगलं, पण बारीक तार किंवा सराट्याचा काटा धाग्यांच्या मधून घुसू शकतो. दुसऱ्यात सरळ मऊ रबराचा जाड थर असतो. तिथे काटा घुसतो, पण ट्यूबपर्यंत पोचत नाही, इतकं साधं गणित आहे. अंदाज यावा म्हणून, श्वाल्बे या जर्मन टायर कंपनीच्या मॅरेथॉनमध्ये हा थर ३ मिमीचा आणि मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिमीचा असतो. प्लसची जाहिरात ते "उनप्लाटबार" म्हणून करतात, म्हणजे हवा न जाणारा. (श्वाल्बे म्हणजे जर्मनमध्ये भिंगरी पक्षी, टायरवाल्यांना नाव शोभतंय.) मी घेतला तो ५ मिमीच्या जातीतला, पुढे मागे दोन्हीकडे.

बसवताना अक्षरशः रडवलं. पहिल्या चाकाला तास गेला, टायर चढवायचे-उतरवायचे प्लॅस्टिकचे दोन लिव्हर मोडले आणि दोन दिवस अंगठे दुखत होते. छोट्या रिमवर जाड टायर ताणायला जागाच मिळत नाही. नंतर कळलेली युक्ती अशी की व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवायचं आणि बसवलेली कड सतत चिमटीने रिमच्या मधल्या खोल भागात ढकलत राहायचं, तिथे व्यास कमी असतो म्हणून शेवटाला थोडी ढील मिळते. कडेला साबणाचं पाणी लावा. बसलेला भाग परत निसटू नये म्हणून एकदोन ठिकाणी पट्टीने बांधून टाका. आणि हे सगळं एकदा घरी करून बघा, रस्त्यात पहिल्यांदा करू नका.

पहिल्या दिवशी चालवली तर वाळूतून चालवतोय असं वाटलं. एका टायरमागे दोनेकशे ग्रॅम वाढलेत हे एक, पण खरं कारण वजन नाही, कडकपणा. छोट्या चाकावर टायर रस्त्याला टेकताना जास्त वाकतो, आणि जाड थर वाकवायला ताकद लागते, प्रत्येक फेऱ्याला. नाहीतर छोटं चाक मुळात हळू असतं असं काही नाही, १९६२ च्या मोल्टन सायकलीला १६ इंची चाकंच होती, पण टायर अरुंद आणि जास्त हवेचे, आणि ती मस्त पळायची. मला ऑफिसला पोचायला दोनतीन मिनिटं जास्त लागायला लागली, त्याचं काही नाही, पण हँडलला येणारी थरथर आणि वळताना तो लाकडी फील, ते काही सहन होईना.

तीन महिन्यांनी पुढचा जाड टायर काढला आणि ३ मिमीवाला घातला. हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय. माझ्या त्या चार टोचलेल्या पंक्चरमधली तीन मागचीच होती, आणि ते साहजिक आहे, वजन मागे जास्त पडतं आणि पुढचं चाक जे आडवं पडलेलं असतं ते उभं करून मागच्यापुढे ठेवतं. शिवाय पुढचं चाक काढायला दोन मिनिटं पुरतात. म्हणजे चिलखत जिथे काम अवघड तिथेच. हँडल परत जिवंत झालं.

९ महिन्यांत पंक्चर एकच, सहाव्या महिन्यात, मागे. ट्रकचे टायर फुटतात त्यातल्या स्टीलच्या तारेचा सेंटीमीटरभर तुकडा, केसापेक्षा थोडा जाड. हवा एकदम गेली नाही, सकाळी टायर बसलेला दिसला एवढंच. तार बाहेर दिसत होती म्हणून चाक न काढताच तेवढ्या भागातली ट्यूब बाहेर ओढली, घासली, सोल्युशन, पॅच, झालं. तार दिसत नसेल तर टायरच्या आतून कापूस फिरवायचा, जिथे अडकेल तिथे ती.

अजून एक, काच बहुतेक वेळा लगेच ट्यूबपर्यंत जात नाही. ती रबरात रुतते आणि मग प्रत्येक फेऱ्याला हातोडी बसल्यासारखी आत जात राहते. माझं चाक किलोमीटरला साधारण ६५५ फेरे मारतं, मोठ्या, ७०० साइजच्या चाकांच्या सायकलचं ४६५ च्या आसपास. म्हणजे हातोडी पण जास्त आणि रबराची झीजही लवकर. म्हणून रविवारी हवा बघताना सेफ्टी पिन घेऊन खड्यांसारख्या बारीक काचा टोकरून काढतो, मुलाला हे काम फार आवडतं.

बाकीचे उपाय पण करून झालेत, थोडक्यात सांगतो. टायरच्या आत घालायची वेगळी पट्टी, तिच्या टोकाने घासून ट्यूबलाच भोक पाडलं. ट्यूबमधलं सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) बारीक भोकांना ठीक, पण काही महिन्यांत वाळतं आणि नंतर पॅच लावताना चिकचिक. आणि भरीव, बिनहवेचा टायर मित्राच्या सायकलवर दोन आठवडे चालवला, पंक्चर शून्य, पाठीची वाट. सस्पेन्शन नसलेल्या २० इंचीला तो लावण्यात अर्थ नाही.

मागच्याचा मधला भाग आता सपाट झालाय, नक्षी जवळपास गेली, एखाद्या महिन्यात बदलावा लागेल. मागे परत तोच घेणार, पुढचा हलका अजून चालेल. फक्त या वेळी लिव्हर तीन घेतोय, आणि लोखंडाचे.