कोकणातले घर विकताना: गावचा मध्यस्थ की संकेतस्थळावरची जाहिरात?

कोकणातले जांभ्या दगडाचे कौलारू घर विकायचे झाल्यास मला गावचा मध्यस्थ अधिक भरवशाचा वाटतो, कारण सातबाऱ्यावर किती हिस्सेदार आहेत, वाट कोणाच्या जागेतून जाते आणि विहीर मे महिन्यात आटते का, हे त्याला ठाऊक असते. संकेतस्थळावरची जाहिरात मुंबई-पुण्याच्या ग्राहकापर्यंत पोहोचते आणि भावही चांगला येऊ शकतो; मात्र घरालगतची बाग शेतजमीन असेल, तर 1948 च्या कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि हे जाहिरातीतच स्पष्ट लिहिले नाही, तर चौकशा वाढतात, व्यवहार होत नाही. जाहिरात द्यायचीच असेल, तर छायाचित्रे पावसाळा सरल्यावर, अंगण सारवून काढावीत आणि हिस्सेदारांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवावी.