रजेवर आलेला पॉल

एरिक मारिया रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’वरनं आमच्या घरात दोन तट पडलेत. थोरल्या जाऊबाईंना १९२९ सालची ही पहिल्या महायुद्धावरची कादंबरी फारच उदास वाटली, त्यांनी अर्ध्यातच ठेवली. सासरे सैनिक टाकळीचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. ते रजेच्या प्रकरणापाशी थांबले. कादंबरीचा नायक, जर्मन सैनिक पॉल घरी येतो, वडील आघाडीवरच्या गोष्टी विचारतात, आणि त्याला सांगावंसंच वाटत नाही. “आम्ही बी असंच गप बसायचो,” मामा म्हणाले. सासूबाई ऐकत होत्या.

मला पॉलच्या सोबतच्या सैनिकाचे, केमरिखचे बूट विसरता येत नाहीत. एक मेला की दुसऱ्याच्या पायात! रेमार्क स्वतः त्या युद्धात जखमी झाला होता. शेवट मात्र फार चटकन उरकलाय.