गावठी, सुधारित की लेअर? मुंबईच्या परसात कोंबड्या पाळण्यापूर्वी

गोराई, मनोरी, मढ, एरंगळ यांसारखी गावे, आरेतील पाडे आणि मरोळ-कोंडिवट्याकडची जुनी गावठाणे या भागांत ज्यांच्या घरामागे अजून थोडे अंगण शिल्लक आहे, ते कोंबड्या पाळायचे ठरवतात तेव्हा बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो ‘कोणती जात जास्त अंडी देते’ हा. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: पिल्ले घरीच उबवायची आहेत की दर वेळी तयार पिल्ले विकत आणायची आहेत. खाण्यापुरती अंडी हवी असतील तर कोंबडा लागतच नाही, कारण माद्या त्याच्याशिवायही अंडी घालतात. कोंबडा लागतो तो फलित अंड्यांसाठी, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत अंधार असतानाच आरवू लागणारा कोंबडा शेजाऱ्यांनी किती दिवस सहन करावा, याचा विचार कोंबडा आणण्यापूर्वीच केलेला बरा. हे एकदा ठरले की गावठी, सुधारित आणि लेअर (केवळ अंड्यांसाठी तयार केलेली व्यापारी कोंबडी) या तिन्ही पर्यायांकडे नीट पाहता येते.

अंड्यांच्या संख्येत लेअरची बरोबरी कोणी करू शकत नाही. बीव्ही-300 सारखी व्यापारी संकरित कोंबडी 18 ते 20 आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि व्यवस्थित खाद्य व प्रकाश मिळाल्यास वर्षाला 300 च्या आसपास पांढरी अंडी देते, ज्यांना बाजारात आपण ‘इंग्लिश अंडी’ म्हणतो. मात्र हा आकडा रोज सुमारे 110 ग्रॅम संतुलित लेअर खाद्य, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम आणि दिवसाला 16 तास प्रकाश यांवर उभा आहे. तिला स्वयंपाकघरातील उरलेसुरले आणि अंगणातील किडे यांवर सोडले, तर कवच पातळ पडते, अंडी कमी होतात आणि शेवटी कोंबडीच खंगते. पाच लेअर पाळल्यास महिन्याला साधारण 16 ते 17 किलो खाद्य विकत घ्यावे लागेल, हे आधीच धरून चालावे. शिवाय ही कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही, मोकळ्या अंगणात ती सावध नसते आणि पांढऱ्या रंगामुळे घारीला लांबूनही दिसते. त्यामुळे जाळीच्या बंदिस्त खुराड्यात, कोंबड्याविना, चार-पाच माद्या ठेवून घरापुरती अंडी मिळवायची असतील, तेवढ्यासाठीच मी लेअरची शिफारस करीन.

गावठी कोंबडीचा हिशेब याच्या उलट आहे. ती वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, तीही लहान, 40 ग्रॅमच्या आसपासची आणि सलग नव्हे तर टप्प्याटप्प्याने. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते, पिसे फुलवून जागा धरते, जवळ गेले की गुरगुरते आणि त्या काळात अंडी देत नाही. केवळ अंड्यांसाठी पाळणाऱ्याला हा तोटा वाटतो. पिल्ले काढू पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तिचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. 10 ते 12 अंडी पोटाखाली घेऊन ती 21 दिवस बसते, स्वतः ती उलटवते, ऊब सांभाळते आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना दाणे टिपायला शिकवते, घारीची चाहूल लागताच पंखाखाली घेते. हे काम यंत्र अर्धेच करू शकते. खाद्याचा बराच भाग ती स्वतः शोधते. सकाळ-संध्याकाळ मूठभर तांदळाची कणी किंवा ज्वारी पुरते. मोकळे सोडल्यामुळे पिल्लांची मर मात्र जास्त होते: कावळे, मांजरे, मुंगूस आणि मुंबईत विशेषतः घुशी. म्हणून पहिले काही आठवडे पिल्लांना आईसह डालग्याखाली ठेवावे, आणि रात्री खुराड्याची तळजमीन घुशीला पोखरता येणार नाही अशी पक्की असावी.

या दोहोंच्या मध्ये ‘सुधारित’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती येतात. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी विकसित केलेल्या वनराज व ग्रामप्रिया आणि बंगळूरला विकसित झालेली गिरिराज या त्यांपैकी सर्वांत परिचित. परसातील परिस्थितीत वनराज वर्षाला 100 ते 110, ग्रामप्रिया 160 ते 180 आणि गिरिराज 130 ते 150 च्या आसपास अंडी देते. अंडे गावठीपेक्षा मोठे असते, पिसे रंगीत असल्याने पक्षी अंगणात सहज नजरेत येत नाहीत, आणि वनराज व गिरिराज यांचे नर मांसासाठी गावठीपेक्षा लवकर तयार होतात. केवळ अंडी मोजायची तर ग्रामप्रिया, अंडी आणि मांस दोन्ही हवे तर वनराज किंवा गिरिराज, असा साधा भेद करता येतो. दोन गोष्टी मात्र पिल्ले विकणारे सहसा सांगत नाहीत. एक म्हणजे या पिल्लांना पहिले सुमारे सहा आठवडे दिव्याची ऊब, लहान पिल्लांचे ‘स्टार्टर’ खाद्य आणि बंद जागा द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात ऊब सुमारे 35 अंश सेल्सियस असावी आणि पुढे दर आठवड्याला थोडी कमी करत जावी. दुसरी अधिक महत्त्वाची: हे संकर आहेत. त्यांच्याच नर-माद्यांपासून घरी पुढची पिढी काढली, तर पिल्ले आईबापांसारखी एकसारखी निघत नाहीत आणि अंड्यांचे प्रमाणही घसरते. त्यातच या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. भरपूर खायला घालून बसवून ठेवल्यास वनराज चरबी धरते आणि अंडी कमी करते, म्हणून तिला फिरायला जागा आणि मोजके खाद्य लागते.

म्हणूनच ज्यांच्याकडे खरोखर अंगण आहे आणि कोंबडा ठेवणे शक्य आहे, त्यांनी एकाच जातीचा हट्ट धरू नये असे मला वाटते. दोन-तीन गावठी माद्या उबवणीसाठी, पाच-सहा ग्रामप्रिया किंवा गिरिराज अंड्यांसाठी, आणि एक चांगला गावठी कोंबडा अशी मिश्र टोळी मुंबईत सर्वांत टिकाऊ ठरते. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या पुरतात. तोच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला तर तो पुढे स्वतःच्याच लेकींवर चढतो, आणि मग अंडी उबण्याचे प्रमाण घटते व अशक्त पिल्ले निघू लागतात. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या गावातून कोंबडा आणून बदल करावा.

उबवण्यासाठी अंडी निवडताना मुंबईच्या हवेचे भान ठेवावे लागते. सात दिवसांपेक्षा जुने अंडे ठेवू नये, आणि एप्रिल-मेमध्ये तर चार-पाच दिवसांच्या आतलेच घ्यावे, कारण उन्हाळ्याच्या उष्म्यात कोंबडी न बसताही अंड्यात जीव धरू लागतो आणि मग तो मधेच मरतो. मातीच्या भांड्यात ओल्या वाळूवर फडके घालून, निमुळते टोक खाली करून अंडी ठेवावीत. कोंबडी अंड्यांवर बसल्यापासून सातव्या दिवशी रात्री, ती शांत असताना, एकेक अंडे उचलून त्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावून पाहावे: मध्यभागी गडद ठिपका आणि त्यातून चहूबाजूंना पसरलेल्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, आतून सगळे स्वच्छ पिवळसर दिसले तर अंडे वांझ आहे. अशी वांझ अंडी काढून टाकली की उरलेल्यांना ऊब नीट मिळते. यंत्र वापरणाऱ्यांनी तापमान 37.5 अंशांवर ठेवावे, पण पावसाळ्यात यंत्रातील पाण्याच्या ताटलीबाबत फार जपावे. पहिल्या 18 दिवसांत अंड्याचे वजन सुमारे 12 टक्के घटायला हवे. जुलैच्या दमट हवेत ते तेवढे घटत नाही आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवच फोडता न आल्याने आतच गुदमरते. मला विचाराल तर पावसाळ्यात यंत्रापेक्षा खुडूक कोंबडीवर विश्वास ठेवावा.

मांसाच्या बाबतीत तुलना थोडक्यात आटोपते. ब्रॉयलर सुमारे 40 दिवसांत दोन किलोच्या आसपास जातो, पण त्याचे पाय आणि हृदय त्या वेगाने वाढत नाही. अंगणात फिरवून, जास्त दिवस ठेवून त्याला ‘गावठीसारखा’ करण्याच्या प्रयत्नात तो उष्म्याने मरतो. घरच्या टोळीतील जादा नर हाच परसातील मांसाचा खरा स्रोत आहे. गावठी नराला दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. माघात काढलेली पिल्ले आषाढाअखेर, म्हणजे गटारीच्या सुमारास, हाताशी येतात. त्यावेळी गावठी कोंबड्याला मागणी असते आणि श्रावण लागला की ती एकदम बसते. कडकनाथाविषयी अनेक जण विचारतात. झाबुआच्या या काळ्या मांसाच्या जातीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण ती अंडी कमी देते आणि सहसा नीट खुडूक बसत नाही. ठरलेले गिऱ्हाईक असल्याखेरीज नवशिक्याने तिच्यात पैसे घालू नयेत.

जात कोणतीही असो, मुंबईत कोंबड्या मरतात त्या बहुतांशी पावसाळ्यात. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे, छपराची कड पागोळी बाहेर पडेल इतकी पुढे असावी, आणि गादीसाठी भाताचे तूस वापरावे. तुसाची मूठ दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, चुना मिसळून ते परतावे किंवा बदलावे. ओल्या गादीतून पिल्लांना रक्ती हगवण होते आणि डासांमुळे देवी पसरते. लेअरसारख्या दिवसभर कोंडलेल्या पक्ष्यांना हा धोका सर्वांत जास्त, म्हणून त्यांना प्रत्येकी किमान अडीच चौरस फूट जागा द्यावी. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्यांना रात्रीपुरती एक ते दीड चौरस फूट चालते. मोकळ्या कोंबड्यांना जंतांचे औषध मात्र ठराविक काळाने द्यावेच लागते. मिश्र टोळीत लहान पिल्लांना लेअर खाद्य खाऊ देऊ नये, त्यातील जास्त कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

लसीकरणात लहान पालनकर्त्याची खरी अडचण वेगळीच आहे. मानमोडी (राणीखेत) या रोगासाठी पहिल्या आठवड्यात लासोटा लस, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीचीच आर-2-बी लस असा क्रम असतो, पण लसीची कुपी बहुधा 100 किंवा त्याहून अधिक मात्रांची येते आणि उघडल्यावर बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते. आठ-दहा पक्ष्यांसाठी हे परवडत नाही. शेजारच्या तीन-चार घरांनी एकाच दिवशी लस द्यायचे ठरवावे, किंवा चार ते सहा आठवड्यांची, लस दिलेली पिल्ले थोडे जास्त पैसे मोजून आणावीत. बर्ड फ्लूची भीती गैरलागू नाही. भारतात त्याची पहिली साथ 2006 मध्ये आपल्याच राज्यातील नवापूरला आली, आणि साथ निश्चित झाली की त्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील परसातील कोंबड्याही नष्ट केल्या जातात. एकाएकी अनेक पक्षी मेले, तर ते कचऱ्यात न टाकता पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

पिल्ले आणताना रस्त्यावर खोक्यात विकली जाणारी रंगवलेली पिल्ले घेऊ नयेत. ती बहुतेक लेअरच्या हॅचरीतील नर असतात, त्यांच्यापासून अंडीही मिळत नाहीत आणि धड मांसही. गोरेगावला आरे वसाहतीत केंद्र सरकारचे कुक्कुट विकास केंद्र आहे, तेथे परसातील पालनासाठी योग्य पक्ष्यांची चौकशी करता येते. आजाराच्या शंकेसाठी परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सोसायटीच्या गच्चीवर खुराडे ठेवण्याचा विचार असेल तर गच्ची सर्वांच्या मालकीची असते, तेव्हा सोसायटीची लेखी परवानगी आणि पालिकेच्या प्रभाग कार्यालयातील चौकशी पिल्ले आणण्याच्या आधी करावी. कोठूनही पिल्ले घेतली तरी जन्मतारीख, दिलेल्या लसींची नोंद आणि नर-मादी वेगळे केले आहेत की नाही, हे लिहून मागावे. आणि नवे पक्षी दोन आठवडे जुन्या टोळीपासून वेगळे ठेवून, त्यांना दाणापाणी शेवटी द्यावे.