ट्यूब उजळायची की मोबाइल चार्ज करायचा? बिनतारी विजेच्या दोन कॉइल

अमळनेरच्या रिवायंडिंगच्या दुकानात ३६ गेजची तार मागितली की पहिला प्रश्न येतो, “कितली लागस, भाऊ?” तिथे पंखे नि शेतातल्या मोटारी भरायला येतात, तार किलोवर जाते. आपल्याला हवी असते १९ मीटर, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम. तेवढ्यात वायरिंगच्या २० मिलिमीटरच्या पाइपावर ३०० वेढे बसतात.

विज्ञान प्रदर्शनासाठी बिनतारी विजेचा प्रकल्प करायचा तर वाटा दोन. एक ही उच्च दाबाची कॉइल, म्हणजे ‘स्लेयर एक्सायटर’, संशोधक निकोला टेस्लाच्या ‘टेस्ला कॉइल’चं सोपं रूप. दुसरी वाट मोबाइलच्या वायरलेस चार्जरची, समोरासमोर ठेवलेल्या दोन कॉइलची.

पहिलीला एक ट्रान्झिस्टर, २२ किलोओहमचा रेझिस्टर, एक एलईडी आणि ९ व्होल्टची बॅटरी पुरते. पाइपाभोवती जाड वायरचे तीन-चार वेढे घालायचे. जवळ सीएफएल नेला की तो हातातच उजळतो. फिलामेंट गेलेली ट्यूबसुद्धा उजळते, कारण कॉइलभोवतीचं विद्युतक्षेत्र थेट आतल्या वायूला चेतवतं. ट्यूबवरून मूठ सरकवा, उजेड मुठीपाशी येऊन थांबतो. पुढचा भाग अंधारा. आपलं शरीरच विजेला वाट देतं, हे मुलाला पुस्तकाविना कळतं. टेस्लाने १८९१ मध्ये न्यूयॉर्कला व्याख्यानात अशाच नळ्या उजळल्या होत्या.

मात्र इथे पोचणारी वीज अगदी थोडी. तिच्यावर मोबाइल चार्ज होत नाही, आणि ‘यावर गाव चालेल’ असं तक्त्यावर लिहू नये.

काम करणारी वीज हवी तर दुसरी वाट. तिथे चुंबकीय क्षेत्र काम करतं. दोन्ही कॉइल तीन-चार सेंटिमीटरवर असल्या की एलईडी ठळक लागतो, वर उचलली की झपाट्याने मंदावतो. दोन्ही कॉइल कपॅसिटर लावून एकाच वारंवारतेला जुळवल्या तर अंतर वाढतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत याच तत्त्वावर २ मीटरवरचा ६० वॅटचा बल्ब लावला, तोही सुमारे ४० टक्केच वीज पोचवून.

माझं मत स्पष्ट आहे. नववी-दहावीच्या मुलाने पहिली कॉइल करावी, स्वतः गुंडाळून. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या मुलाने दुसरी घ्यावी. त्याला मल्टिमीटरने किती वीज गेली, किती आली, हे मोजता येतं.

पहिली चालली नाही तर आधी तारेची टोकं बघा. तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा पातळ थर, ब्लेडने नीट खरवडलेलं नसतं, दहातल्या आठ वेळा गडबड तिथेच. मग जाड वायरची दोन टोकं उलटसुलट करा. ट्रान्झिस्टर तापतो, मिनिटभर चालवून बंद करा. कॉइलच्या वरच्या टोकाला बोट लावू नका, ठिणगीने कातडी भाजते. पेसमेकर असलेल्या माणसाला आणि मोबाइलला लांब ठेवा.

स्टॉलसाठी अंधारा कोपरा मागून घ्या. आपल्याकडचं दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं की ट्यूबची चमक दिसतच नाही.