राखी हिरवा की राखी बदामी: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गुहागरच्या आमच्या जांभ्याच्या घरात रंगाचे काम काढले, तेव्हा निवड राखी हिरवा आणि राखी बदामी या दोन छटांवर येऊन थांबली होती. दोन्हींचा फिकेपणा जवळजवळ सारखाच असल्यामुळे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेड कार्डावर त्यांतला फरक नीट कळत नव्हता. म्हणून रंगाऱ्याकडून माजघराच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे नमुने लावून घेतले. इमल्शन ओले असताना फिके दिसते आणि वाळल्यावर गडद होते, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी पाहिले.

माजघराची एकुलती खिडकी पोफळीच्या बागेकडे उघडते. तिथून येणारा प्रकाश पानांवरून परतून आलेला, म्हणजे मुळातच हिरवट असतो; त्यात राखी हिरवा इतका गडद झाला की त्यातला राखीपणाच उरला नाही. बदामीत तांबूस अंश असल्याने तो हिरवटपणा तिथेच मुरला आणि भिंत शांत राहिली. माजघराला बदामी आणि समुद्राकडच्या पश्चिमेच्या खोलीला हिरवा, असे ठरवले.

खरी परीक्षा आषाढात झाली. आभाळ दिवसभर भरलेले असताना पश्चिमेची खोली दुपारीही थंड आणि किंचित निळसर भासत असे; बदामी माजघर मात्र कमी उजेडातही उबदार वाटले. पाऊस ओसरून तिरपे ऊन आत येऊ लागल्यावर तोच हिरवा इतका सुरेख खुलला की पाहुणे आधी त्याच खोलीचे कौतुक करतात. दिव्यांचाही परिणाम मोठा आहे: ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली बदामी निस्तेज दिसतो, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली त्याचा मूळ रंग परत येतो.

मॅट फिनिशबद्दल मात्र तक्रार आहे. दाराच्या चौकटीलगत हात लागून भिंत काळवंडते आणि ओल्या फडक्याने घासली की तेवढाच भाग चकाकू लागतो. वावराच्या खोलीत हलकी चकाकी असलेले फिनिश घेणेच बरे. जोत्यालगत थोडा लोणा आला आहे, पण तो जमिनीतून चढणाऱ्या ओलीचा असल्याने त्याचा दोष रंगाला देता येणार नाही.

पडवीचे काम भिंती पूर्ण वाळल्यावर, दिवाळीनंतर काढणार आहोत. तिच्यासमोर उघडे तांबड्या मातीचे अंगण असल्यामुळे तिथे हिरव्याचाच नमुना आधी लावून पाहू.